आईंचा कान

नवरात्रात चाळीच्या अंगणात आरती चालली असताना माझ्या सासूबाई उभ्या जागी पडल्या. ठेच नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही, कुणी मागून ढकलावं तशा. नशीब, बाळ तेव्हा माझ्या कडेवर होतं. आईंचे डोळे टक्क उघडे होते. त्या उठून बसायच्या आत बायकांनी त्यांच्या कपाळाला मळवट भरला. रुक्मिणीमावशींच्या अंगात आलं, हे रात्रीत सगळ्या चाळीला कळलं.

गिरणीचा संप फिसकटल्यावर आम्ही परळ सोडून जोगेश्वरीला आलो. इथे आईंना कुणी ओळखत नव्हतं. आता बायका नारळ, खण घेऊन यायला लागल्या. मनातून आईंनाही ते बरं वाटत असावं.

पुढे त्या मोरीत पडल्या, तेव्हा ह्यांनी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. शरीराचा तोल सांभाळणारी जागा आतल्या कानात असते, तिथलं पाणी वाढलं की माणूस शुद्धीत असूनही धाडकन पडतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या दिल्या आणि मीठ तोडलं. सुकट गेली, पापड गेला. मालवणच्या बाईने अळणी पेज खायची म्हणजे काय, ते मी रोज बघत होते. पण त्यांना खरं सलत होतं ते वेगळंच. आजी उभ्याउभ्या पडते म्हटल्यावर तिच्या हातात नातू कोण देणार? मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी बाळाला त्यांच्याकडे देणं टाळत होते. त्याही मागत नव्हत्या. बाहेर मात्र त्यांनी आजाराचं नाव काढलं नाही.

मग एका मंगळवारी शेजारची रत्नप्रभा आपल्या क्षमाला खांद्यावर टाकून आली. पोरगी तापाने फणफणली होती. मागोमाग आणखी बायका येऊन बसल्या. रत्नप्रभा म्हणाली, "दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्यात मी, मावशी. आता तुमच्या हातचा अंगाराच लावा."

आईंनी पोरीच्या पोटाला हात लावून पाहिला. नुसतं कपाळाला बोट लावलं असतं तरी सगळ्यांचं समाधान झालं असतं. त्यांचं देवीपणही राहिलं असतं.

"माझ्या आंगात देवी-बिवी काय येऊक नाय गो," त्या म्हणाल्या. "माझो कान बिघडलो हा. पोरीक आत्ताच्या आत्ता डॉक्टराकडे घेऊन जा."

कुणालाच ते पटेना. तोंडाने फटकळ असलेली नलिनी हसली. "कान बिघडला तर ऐकू येत नाही, मावशी. माणूस पडतं कसं?"

आईंनी तिला उठवलं आणि माझ्याबरोबर फुगडी घालायला लावली. आम्ही दोघी गरागरा फिरलो. "थांबा," आई म्हणाल्या. "नलिनी, आता सरळ चलान दाखव."

नलिनी दाराकडे निघाली ती तिरकी जाऊन थेट पाण्याच्या पिंपावर आदळली आणि फतकल मारून बसली. मी भिंतीला धरून होते.

आईंनी शांतपणे विचारलं, "तुझ्या आंगात खयची देवी इली गो?"

सगळ्या हसल्या, नलिनीसुद्धा. फिरून कानातलं पाणी ढवळतं, म्हणून घर गरगरतं. आपल्या कानातलं न फिरताच ढवळतं, एवढंच, असं आईंनी सगळ्यांना समजावलं. रत्नप्रभा मात्र हसली नाही. ती पोरीला घेऊन तडक दवाखान्यात गेली. दिवाळीत क्षमा आमच्याच दारात फुलबाज्या उडवत होती.

त्या मंगळवारनंतर नारळ यायचे बंद झाले. त्या दिवशी बायका गेल्यावर आई भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसल्या, पाय लांब केले, मांडीवर गोधडी पसरली.

"बसलेला माणूस खय पडतला?" त्या म्हणाल्या. "दी हाडून त्याका."

मी बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. आत्ताही तो तिथेच आहे, आजीची नथ ओढतोय. म्हणून तर माझे दोन्ही हात मोकळे आहेत आणि हे लिहून होतंय.