चौदा नंबरचा खांब

"खांब? तो होय!" बाई म्हणाली आणि हाताचं पीठ पदराला पुसत तिनं घराच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. "तो काढून अडीच वर्षं झाली. इकडे स्वयंपाकघर वाढवलं ना आम्ही, मधेच येत होता मेला."

निरीक्षक दारात उभा होता. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात फोटो काढण्यासाठी उघडून ठेवलेला फोन, आणि चढ चढून आल्यामुळे तोंडाला कोरड.

"काढला म्हणजे? त्यावर पाटी होती, खोदू नका म्हणून."

"मग आम्ही कुठं खोदलं?" बाई अगदी निरागसपणे म्हणाली. "नुसता हलवून हलवून उपटला. पाटी मात्र चांगली जाड निघाली. टाकवेना. या, बघा ना."

त्याने आत जाऊन पाहिलं. शेगडीच्या वर, भिंतीला दोन खिळे ठोकून पिवळी पाटी आडवी बसवलेली होती आणि तिच्यावर बरण्या ओळीने मांडल्या होत्या. खालच्या बाजूला अक्षरं अजून स्पष्ट होती. धोका. खाली उच्च दाबाची गॅसवाहिनी आहे. शेगडी पेटलेली होती, पातेल्यात काहीतरी शिजत होतं, आणि जमिनीवर बसून एक चारेक वर्षांची मुलगी चमच्याने फरशी बडवत होती.

"ताई, एक करा, गॅस बंद करा," तो म्हणाला. "आणि मुलीला घेऊन जरा पलीकडच्या घरी बसा."

"अगोबाई, झालं काय?"

"काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून सांगतोय."

बाई कुरकुरली, पण तिने शेगडी बंद केली, मुलीला काखेला मारली आणि ती शेजारी गेली. निरीक्षक पायरीवर बसला आणि त्याने फाइल उघडली. चौदा नंबरच्या खांबाचं पान काढायला त्याला वेळ लागला नाही. एकोणीस वर्षं तो सरकारच्या वतीने याच वाहिनीची तपासणी करत आला होता. नातेवाइकांची नसेल, पण या खांबांची नावनिशी त्याला तोंडपाठ होती.

जमिनीतली लोखंडी नळी गंजू नये म्हणून तिच्यात बारीकशी वीज सोडलेली असते. ती पुरेशी पोचते की नाही हे बघायला ठरावीक अंतरावर खांब, खांबात नळीला जोडलेली तार. दर तीन महिन्यांनी कंपनीच्या माणसाने जायचं, जमीन ओली करून मोरचुदाच्या पाण्याची कांडी तिच्यावर उभी करायची, मीटर लावायचा आणि आकडा लिहायचा. पॉइंट पंच्याऐंशीच्या वर असला तर ठीक, खाली गेला तर गंजाने दात लावले असं समजायचं. सगळं शास्त्र म्हणजे एवढंच.

चौदा नंबरच्या पानावर आकडे होते. पॉइंट ब्याण्णव, पॉइंट नव्वद, पॉइंट एक्याण्णव. जमीन कोरडी असते त्या महिन्यांत आकडा जरासा उतरलेला, ओली झाली की परत चढलेला. खोटं लिहिणारा माणूस सहसा आळशी असतो, एकच आकडा खाली ओढत नेतो. हा मेहनती होता. नसलेल्या खांबाला त्याने ऋतूसुद्धा दिले होते. आणि या आकड्यांच्या मधोमध, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेला, हिरव्या शाईत लिहिलं होतं: "समक्ष तपासले." खाली सही. ती निरीक्षकाची स्वतःची होती.

तो ती सही बराच वेळ बघत राहिला. सुबक होती. त्याची आई त्याच्या सहीचं फार कौतुक करायची.

त्या दिवशी तो इथवर आलाच नव्हता. आई जाऊन तेव्हा महिना झाला होता. लग्न केलं नव्हतं, भाऊबहीण नव्हती, दोन खोल्यांच्या घरात दोनच माणसं होती त्यातलं एक कमी झालं. तेरा नंबरच्या खांबाशी, झाडाखाली, आकडे घेणारा कंपनीचा मीटरवाला म्हणाला होता, "चौदाचं परवाच घेतलंय मी. त्या चढावर तंगडतोड कशाला? बस जरा." आणि तो बसला. तासभर बसला. उठताना मीटरवाल्याने आकडा सांगितला, त्याने सही केली. एका खांबाच्या बदल्यात त्याला तासभर सोबत मिळाली होती, आणि खरं सांगायचं तर तो सौदा त्याला तेव्हा मुळीच महाग वाटला नव्हता. पुढची दोन वर्षं तो त्या तासाभरावर काढत आला होता.

मीटरवाला आजही खाली तेरा नंबरशीच बसला होता. गुडघ्यांनी त्याला जेरीस आणलं होतं. सकाळी म्हणालाच होता, "चौदाला काय बघायचंय? आहे तिथंच आहे तो." खात्याने यंदा प्रत्येक खांबाचा फोटो मागितला नसता तर निरीक्षक कदाचित याही वेळी बसला असता. हे त्याला कळत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

तो चढ उतरून खाली आला.

"मिळाला फोटो?" मीटरवाल्याने विचारलं. डबा सोडून त्याने दोघांसाठी दोन वाटे काढून ठेवले होते.

"खांब नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे नाहीये. त्या जागेवर स्वयंपाकघर आहे. अडीच वर्षं झाली."

मीटरवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. निरीक्षकाच्या लक्षात आलं की याला हे ठाऊकच नव्हतं. आकडे खोटे लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर खांब मात्र खराच उभा असायचा.

"अडीच वर्षं?" तो पुटपुटला. "म्हणजे तू आलास तेव्हाही..."

"तेव्हाही."

मीटरवाल्याने पुढचा वाटा बाजूला सारला. मग मीटरवाला हळूच म्हणाला, "दुसरा माणूस कमी केला ना कंपनीने, तेव्हापासून एकटा आहे रे मी. चव्वेचाळीस खांब. सगळे करतो, देवाशपथ. हा एकच चढ होत नव्हता. सांगितलं असतं तर म्हणाले असते, होत नाही तर बस घरी. वाटलं, आजूबाजूचे बरोबर येतायत, हा कुठं जाणारे?"

"तारेचं रीळ आहे का?"

"आहे."

"काढ."

खांब नसला तरी आकडा घेता येतो. तेरा नंबरच्या तारेला मीटर लावायचा, मीटरची दुसरी तार रिळाने उलगडत न्यायची आणि कांडी हव्या त्या जागी टेकवायची. निरीक्षक कांडी आणि पाण्याची बाटली घेऊन परत चढ चढला. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत त्याने जमीन ओली केली, कांडी उभी धरली आणि हात वर केला. खाली मीटरवाला मीटरवर वाकला होता. एवढ्या लांबून निरीक्षकाला फक्त त्याची टोपी दिसत होती. मीटर काय दाखवतोय हे त्या एका माणसाशिवाय कुणालाही दिसण्यासारखं नव्हतं. तो पॉइंट ब्याण्णव म्हणाला असता तर निरीक्षकाने ब्याण्णव लिहिलं असतं. लिहिलं असतं का? त्याने स्वतःलाच विचारलं आणि उत्तर यायच्या आत खालून आवाज आला.

"पॉइंट अठ्ठावन्न!"

"पुन्हा सांग!"

"अठ्ठावन्न! पाच आठ!" मीटरवाल्याचा आवाज मधेच चिरकला.

निरीक्षकाने तिथूनच कंपनीच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला आणि वाहिनीचा दाब निम्म्यावर आणायला सांगितलं. तो खाली आला तेव्हा मीटरवाला तार गुंडाळत होता. गुंडाळलेली परत सोडत होता, परत गुंडाळत होता.

"एक दिवस दे," तो म्हणाला. "एकच. उद्या सकाळी मी जाऊन आमच्या साहेबाला सांगतो, खांब गेलाय, आकडा पडलाय. कंपनीने आपणहून कळवलं तर सौम्य धरतात, तुझाच नियम आहे. चार महिने राहिलेत माझे. मानाने जाऊ दे मला."

"दाब कमी करायला सांगितलाय मी. आता कारण लेखी द्यावं लागतं, आजच. ते पोरगं त्या फरशीवर बसलं होतं रे."

"दाब कमी झाला ना? मग आता कुणाच्या जिवाला काय होतंय?"

निरीक्षकाला एवढंच दिसत होतं: दोन वर्षांपूर्वीही कुणाच्या जिवाला काही होत नव्हतं. तो झाडाखाली बसला आणि मांडीवर फाइल ठेवून नोटीस लिहू लागला. मीटरवाला शेजारी बसून वाचत होता. खोट्या नोंदींचं कलम आलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली, जणू आपल्याबद्दल नाही, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. पण पुढच्या ओळीला त्याने निरीक्षकाचं मनगट धरलं.

"हे कशाला?"

"मागच्या तपासणीची माहिती विचारलीय इथं."

"लिही ना, खांब तपासणीनंतर पडला म्हणून. बाईला तारीख कोण विचारतंय? तू सुटशील, मीही थोडक्यात सुटेन. हे असं लिहिलंस तर संगनमत ठरवतील. मिलीभगत! मग चौकशी, मग सगळंच गेलं."

निरीक्षकाने मनगट सोडवून घेतलं आणि ओळ पुरी केली. मागील तपासणीच्या वेळी मी खांब क्रमांक चौदापर्यंत गेलो नव्हतो.

मीटरवाला उठला. उठायला त्याला झाडाचा आधार घ्यावा लागला. तो रागावला की त्याचा आवाज बारीक व्हायचा.

"तुला परवडतं बाबा," तो म्हणाला. "घरी जाऊन कुणाला तोंड दाखवायचंय तुला? मला बायको आहे, लेक-जावई आहेत. तुझ्या मागं आहे कोण?"

बोलून गेल्यावर तो क्षणभर थांबला. बहुधा परत घ्यावंसं वाटलं असेल. पण घेतलं नाही. रीळ खांद्याला अडकवून तो उतारावरून लंगडत निघून गेला. निरीक्षकाला ते शब्द लागले, फार लागले, आणि सगळ्यात जास्त लागलं ते त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं म्हणून. दोन वाटे केलेला डबा तिथेच राहिला. त्याने झाकण लावून तो वाहिनीच्या कार्यालयात पोचता केला आणि मीटरवाल्याच्या टेबलावर ठेवला.

आठवड्याभरात कंपनीने स्वयंपाकघर पाडून खाली खणलं. नळीची भिंत एके ठिकाणी एवढी झिजली होती की तिथे बोट लावायला कामगार तयार होईनात. तुकडा कापून नवा जोडला, बाईला दुसऱ्या बाजूला खोली बांधून दिली. तिने पाटी परत मागितली, तेव्हा देता येत नाही म्हटल्यावर ती फणकारली, "तुम्हाला तर काय, नव्या मिळतात." वर्तमानपत्रात काहीच आलं नाही. जे फुटत नाही त्याची बातमी होत नसते.

चौकशी दीड महिन्याने लागली. जिन्यापाशी एकच बाक होता. निरीक्षक पोचला तेव्हा मीटरवाला इस्त्रीचा शर्ट घालून त्यावर बसलेला होता. शिपायाने आधीच बजावलं, "एकमेकांशी बोलायचं नाही हं, जबाब व्हायचेत." त्यामुळे ते बोलले नाहीत. पाऊण तास दोघं एका बाकावर बसून समोरची भिंत बघत राहिले. एकदा मीटरवाल्याला खोकला आला. निरीक्षकाच्या मनात आलं, पाणी आणून द्यावं. शिपायाकडे बघून तो बसून राहिला. मग मीटरवाल्याला आत बोलावलं, आणि त्याचं झाल्यावर त्याला पलीकडच्या दाराने परस्पर पाठवून दिलं.

निरीक्षकाची पाळी आली तेव्हा आत एक अधिकारी आणि एक टंकलेखक असे दोघेच होते. अधिकारी वयाने लहान आणि बोलायला सभ्य होता.

"त्या दिवशी खांब तेरापाशी तुम्ही एक तास थांबलात. कंपनीच्या माणसाने तुम्हाला काही देऊ केलं?"

"अर्धा डबा."

टंकलेखक हसला. अधिकारी हसला नाही.

"चौदा नंबरला जाऊ नका असा आग्रह केला?"

"म्हणाला, बस. मी बसलो. जायचं माझ्या हातात होतं."

"मग एक तास केलंत काय?"

"बोलत होतो."

"कशाबद्दल? नीट आठवून सांगा, महत्त्वाचं आहे. कामाबद्दल? आकड्यांबद्दल?"

निरीक्षकाला आठवायची गरज नव्हती. त्यातला शब्द न् शब्द त्याच्याजवळ होता.

"माझी आई नुकतीच गेली होती," तो म्हणाला. "त्याने विचारलं, संध्याकाळी घरी गेल्यावर दिवा कोण लावतं. मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, मग सकाळी निघतानाच लावून ठेवत जा, म्हणजे आल्यावर अंधारात कुलूप उघडावं लागणार नाही. मला ते सुचलं नव्हतं. मग आईबद्दल बोललो. मीच जास्त बोललो. महिनाभर कुणाशी बोललो नव्हतो."

टंकलेखकाची बोटं कळांवर तशीच थांबली होती. त्याने अधिकाऱ्याकडे पाहिलं.

अधिकाऱ्याने घसा साफ केला. तो वाईट माणूस नव्हता. "हे सगळं घ्यायला नको," तो टंकलेखकाला हळू आवाजात म्हणाला. "लिहा, सदर एका तासात कोणतीही महत्त्वाची चर्चा झाली नाही."

कागद यंत्रातून निघून समोर आला. निरीक्षकाने खिशातून चष्मा काढला, वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, त्या ओळीवर थोडा जास्त वेळ थांबला. त्या ओळीने संगनमताचा संशय मिटून मीटरवाल्याचं भलंच होणार होतं. मग त्याने सही केली.