वाचनालयात उतरलेला चित्रगुप्त

सकाळी वाचनालयाशी पोहोचले तर पायऱ्यांवर चपलांचा ढीग. पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याला ऊस घालणारं आमचं तापीकाठचं गाव. इथल्या वाचनालयात एरवी पेपर वाचायला चार जण येतात, त्यातले दोघे पंख्याखाली झोपायला. त्या दिवशी मात्र खिडकीच्या गजांना माणसं लोंबकळत होती. आत संगणकापुढे नारळ फुटत होते, कीबोर्डवर हळदकुंकू पडलं होतं आणि आमचा ग्रंथपाल ललित हात जोडून उभा होता.

"हे काय रे ललित?"

"बाई, हळू बोला. चित्रगुप्ताचं दप्तर उघडलंय."

मी सरलाबाई, निवृत्त शिक्षिका आणि या वाचनालयाची सचिव. आयुष्यभर पोरांच्या थापा ऐकल्या, पण ही नवीन होती.

झालं होतं असं. वाचनालयाला नवं सॉफ्टवेअर बसवायचं होतं. त्यासाठी एका कंपनीची रिबेका गावित ही नवापूरकडची मुलगी आदल्या दिवशी येऊन गेली होती. खरी पुस्तकं नोंदवण्याआधी यंत्र नीट चालतं का हे तपासायला तिने त्यात खोट्या नोंदी भरल्या: पुस्तकाचं नाव, लेखक, लेखकाचं जन्म-मृत्यूचं साल, विषय. आपली आडनावं आणि जोडाक्षरं पडद्यावर नीट उमटतात का हे बघायला लेखकांची नावं तिने आमच्या सभासदांच्या यादीतून घेतली. जाताना ललितला बजावलं, "या नोंदी खोट्या आहेत, कोणाला दाखवू नका."

ललितने संध्याकाळीच दाखवल्या. पेपर वाचायला आलेल्या सुकलाल आबांचं नाव त्याने टाकलं आणि पडद्यावर आलं:

"उकडलेल्या चंद्राचा इतिहास. लेखक: पाटील, सुकलाल (१९५८–२०२६). विषय: भूकंप, लोणची."

आबांनी जन्मात सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही. पण चंद्र का उकडला, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांची नजर सालावर. आबा खरोखरच अठ्ठावन्न सालचे, आणि सव्वीस म्हणजे यंदाचंच साल!

मी गर्दीत शिरून सांगू लागले, "आबा, ही खोटी नोंद आहे. यंत्र तपासायला भरलेली."

"बाई, जनमनं साल बराबर शे," आबा पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाले. "मंग मरानं साल चुकीनं कसं व्हई?"

"अहो, त्यात तुमच्या बायकोचा, जसोदाबाईंचा, जन्म अठराशे नव्वदचा दाखवलाय!"

"तिन्हं वय तिनी कधी खरं सांगेल शे?"

मागून कोणीतरी ओरडलं, "बाईले काय! त्या २०८९ लगून जगथीन! म्हनीसन बोली ऱ्हायन्यात!"

माझ्या नावापुढे खरंच २०८९ आलं होतं. तेव्हापासून गावात माझं कोणी ऐकेना. सव्वाशे वर्षं जगणाऱ्या बाईला मरणाऱ्याचं दुःख काय कळणार?

जागृत देवस्थान बंद कसं करायचं, म्हणून ललितने रात्रीसुद्धा संगणक चालूच ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी मेघनाथ महाराज अवतरले. पूर्वी तळोद्याच्या बाजारात मोबाइलची कव्हरं विकायचे. आता भगवी कफनी, कानात ब्लूटूथ आणि कपाळावर भस्म.

"भक्तांनो," महाराज म्हणाले, "डेटा कुठे असतो?"

"क्लाउडमा!" कॉलेजची पोरं ओरडली.

"क्लाउड म्हणजे?"

"ढग!"

"आणि ढगांच्या वर कोण राहतं?"

गर्दीने टाळ्यांचा कडकडाट केला. महाराजांनी डोळे मिटले. "चित्रगुप्ताने वही टाकली. सगळा कारभार ऑनलाइन केला. तुमचं भाग्य थोर, पहिलं नेटवर्क तुमच्या गावाला मिळालं."

मग ते संगणकापुढे खुर्चीवर बसले. पहिला मान आमचा सभासद गिरधर याचा. त्याच्या नावापुढे २०२७ होतं. त्याने तुपाचा डबा ठेवला. महाराजांनी मंत्र म्हटला: "ओम् लॉगिनाय नमः, ओम् पासवर्डाय नमः..." आणि फट्‌! पडदा काळा. बायका किंचाळल्या. थोड्या वेळाने यंत्र आपोआप जागं झालं. ललितने गिरधरचं नाव टाकलं. २०५१!

गिरधर नाचतच बाहेर पडला. महाराजांनी मागून बजावलं, "दुरुस्त झालेलं नाव पुन्हा उघडायचं नाही. उघडलं तर आयुष्य घसरतं."

आबांनीही तूप दिलं. मंत्र झाला, पडदा काळा झाला, उजळला. ललितने वाचलं आणि त्याची बोबडी वळली. "आबा... २०१९."

"म्हंजे मी मरेल शे का जित्ता शे?" आबांनी विचारलं.

महाराज क्षणभर गडबडले, पण गडी तयारीचा. "अर्पण कमी पडलं. त्या हिशेबाने तुम्ही सध्या उधारीवर जगताय. यम रेड्यावरून निघालाय. तो रेडा रिकामा परत जाता कामा नये. त्याच्या जोडीला एक म्हैस द्या."

"कोनती म्हैस?"

"चांगली दूध देणारी. यम चहा घेतो."

आबांची जाफराबादी म्हैस आख्ख्या गावाची शान. राणी तिचं नाव. आबांनी मान डोलावली आणि घरी जाऊन खाटेवर पडले. इथवर मला हसू येत होतं. पण संध्याकाळी जसोदाबाई माझ्या दारात आल्या, डोळे सुजलेले.

"बाई, हाऊ मानूस खाटलावरथून उठत नही. ब्लडप्रेशरन्या गोया बी फेकी दिन्यात. म्हने, मरनारा मानुसनी गोया खाईसन काय फायदा? डोकं गरगर फिरस त्यान्हं."

माझं हसू तिथेच विझलं. खोट्या नोंदीने खरा माणूस मरायची वेळ आली होती. मी रिबेकाला फोन लावला. ती आधी हसली, पण गोळ्यांचं ऐकताच घाईने म्हणाली, "बाई, मी पहिल्या गाडीने येते. मी येईपर्यंत काहीही करून आबांना गोळ्या घ्यायला लावा."

आबांनी माझं ऐकलं नाहीच.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दारात राणी उभी. गळ्यात झेंडूची माळ, शिंगांना गेरू. विधी सुरू होईपर्यंत तिने फळीवर ठेवलेला ताजा पेपर अग्रलेखासकट खाल्ला. आत आबांना दोघांनी धरून आणून बसवलं होतं. महाराजांनी सुरू केलं, "ओम् लॉगिनाय नमः..." आणि पडदा काळा झाला.

"लाइट गेली का?" दारातून आवाज आला. जीन्स-कुर्त्यातली, पाठीवर बॅग घेतलेली रिबेका उभी होती.

"वीज नव्हे, बाळ," महाराज म्हणाले. "वर संपर्क जोडला जातोय. खालचा प्रवाह खंडित होतो."

"मग पंखा कसा फिरतोय?"

सगळ्या माना एकदम वर गेल्या. पंखा मजेत फिरत होता.

"पंखा त चालू शे!" गिरधर म्हणाला. इतके दिवस त्याच पंख्याची हवा खात सगळे घाम पुसत होते, पण वर कोणी पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

रिबेका सरळ टेबलाखाली वाकली. "बाई, इकडे या."

मी गुडघे धरत वाकले. टेबलाखाली जमिनीवर वायरींचा बोर्ड होता, संगणकाची पिन त्यातच. आणि त्या बोर्डाच्या बटणावर महाराजांच्या उजव्या पायाचा अंगठा, नीट टेकवलेला. आम्ही बघतोय हे न कळून त्या अंगठ्याने बटण दाबलं. टिक्‌. वर यंत्र सुरू झालं आणि महाराज गरजले, "संपर्क जुळला!"

"जुळला खरा," मी टेबलाखालूनच ओरडले. "पायाच्या अंगठ्याने!"

मग गिरधर वाकला, ललित वाकला, खिडकीतली माणसं आत उड्या मारून वाकली. महाराजांनी पाय कफनीत ओढून घेतला.

रिबेका खुर्चीवर बसली. "ऐका. पुस्तकांची नावं मीच यंत्राला बनवायला लावली. थोडे शब्द इकडचे, थोडे तिकडचे, यंत्र वाटेल तसे जोडतं. सालं तर फाशांसारखी पडतात. आणि यंत्र बंद करून चालू केलं की जुन्या नोंदी पुसून नव्या बनतात, म्हणजे मला दर वेळी नव्याने तपासता येतं. महाराजांना पहिल्या वेळी चुकून पाय लागून हे कळलं असणार. साल चांगलं आलं की देव प्रसन्न, वाईट आलं की अर्पण कमी."

"पन मन्हं जनमसाल बराबर व्हतं," आबा पुटपुटले.

"आबा, एवढ्या सभासदांत एखाद्याचं जुळणारच. जुळलं ते तुम्ही धरून बसलात. बाकीच्यांचं चुकलं, ते कोणी मोजलं का?"

तिने गिरधरचं नाव टाकलं. (१९७२–१९८७). "पंधराव्या वर्षीच वारलास," ललित म्हणाला. गिरधरने स्वतःला चिमटा काढला.

"आते म्हैसनं नाव टाक!" कोणीतरी ओरडलं.

रिबेकाने सभासदांत राणीचं नाव घातलं आणि यंत्र पुन्हा चालू केलं. "गरोदर इंजिनाची प्रार्थना. लेखक: पाटील, राणी (१९४१–२०७७). विषय: विमा, कुस्ती." बाहेर राणी हंबरली. पोरं हसून जमिनीवर लोळली.

"महाराजांचं टाका," मी म्हणाले.

"मेघनाथ (१९९८–१९३४)," रिबेकाने वाचलं. "हे आधी मेले आणि मग जन्मले. ही माझ्या कोडमधली चूक आहे, दुरुस्त करते." मग आवाज उतरवून ती आबांना म्हणाली, "आणि तुमची खरी नावं वापरली, तीही माझीच चूक. बनावट नावं घ्यायला हवी होती. माफ करा, आबा."

 आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं. "पोरी, माले वाटनं मी खरंच चालनू." आणि बायकोकडे वळून, "गोया कोठे शेतीस?"

जसोदाबाईंनी कनवटीची पुडी काढून गोळी हातावर ठेवली. आम्ही आबांना तसंच शहाद्याला डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब इतका वाढला होता की डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं आणि मग आम्हा सगळ्यांना झाडलं. मेघनाथ महाराज त्या गडबडीत मोटारसायकलवरून पसार झाले होते. जादूटोणाविरोधी कायद्याखाली आम्ही त्यांच्याविरुद्ध रीतसर तक्रार दिली आहे.

मित्रांनो, पडद्यावर अक्षरं उमटली म्हणून ती खरी होत नाहीत. कागदावर उमटली तरी होत नाहीत. उद्या कोणी तुमचं मरण, तुमचं भाग्य, तुमचा आजार असा वाचून दाखवू लागला, तर त्याला एवढंच म्हणा: हे तुला कुठून कळलं, आणि माझ्यासमोर, मी सांगेन तसं, पुन्हा करून दाखव. ज्याचं खरं आहे तो आनंदाने दाखवील. ज्याचं खोटं आहे तो रागावेल, कारण आपण विचारत नाही यावरच त्याचं पोट चालतं. तेव्हा विचारा. विचारायला वय लागत नाही, पदवी लागत नाही आणि नारळही लागत नाही.