एका घरातली पावलं

स्टुडिओत तिला सगळे 'पायगुण' म्हणायचे, कारण तिचं पोट तिच्या पायांवर चालत होतं. मालिकेचं चित्रीकरण होतं तेव्हा माइक माणसांच्या तोंडाशी असतो, पावलांकडे कोण बघतो? ती पावलं मागाहून एका बंद खोलीत पुन्हा वाजवावी लागतात. त्या खोलीत जमिनीवर लाकडी चौकटी मांडलेल्या. एकीत वाळू, एकीत खडी, एकीत सुकी पानं, एकीत नुसती फरशी. भिंतीवरच्या फळ्यांवर साठेक जोडे. पडद्यावर नायक जिना चढला की पायगुण लाकडी पायरीवर चढायची, आणि खलनायक अंगणात आला की तीच बिचारी खडीत उतरायची. वीस वर्षं ती अशी दुसऱ्यांसाठी चालत आली होती.

हे काम आईला काही केल्या समजलं नाही. "माझी लेक चालायचा पगार घेते," असं ती शेजारणींना सांगायची, आणि वर म्हणायची, "लहानपणी चालायला उशीर केला होता हो तिने. आता भरपाई करतेय." शेजारणी हसायच्या, पायगुणही हसायची. पण आत कुठेतरी खुपायचंच. जिने बोट धरून पहिलं पाऊल टाकायला शिकवलं, त्या माउलीनेच आपली पावलं कधी ऐकली नाहीत, ही रुखरुख लहान नसते.

मग नवी मालिका आली. तिच्यात बंद पडलेल्या शाळेची राखण करणारी एक म्हातारी होती. बोलायची कमी, चालायची फार. पायगुणने बारा जोडे बदलून पाहिले, पण दिग्दर्शक मान हलवायचा. "ही म्हातारी वाटत नाही, म्हातारीचं सोंग वाटतं." तेव्हा ती एक दिवस गावी गेली आणि पलंगाखालच्या आईच्या जुन्या चपला गुपचूप पिशवीत घालून घेऊन आली. पडल्यापासून आईचा उजवा पाय जरा मागे राहायचा. डावं पाऊल टेकायचं, उजवं ओढत यायचं. टप्... घस्स. टप्... घस्स. त्या चपला घालून, आईला डोळ्यांपुढे ठेवून ती अख्खी मालिका चालली. दिग्दर्शकाने नुसते हात जोडले.

आईला यातलं तिने काही सांगितलं नाही. आईने आपणहून ओळखावं, एवढीच इच्छा होती. म्हणून मालिका आली तेव्हा ती दाखवणाऱ्या अ‍ॅपचे तिने वर्षाचे पैसे भरले, आईच्या टीव्हीवर स्वतःच्या हाताने आपलं खातं लावून दिलं आणि निघताना म्हणाली, "बघत राहा. काही ऐकू आलं तर सांग."

दोन महिने गेले. फोनवर आई म्हणायची, "बघितली की. छान आहे."

"आणि?"

"आणि काय? शेजारच्या नर्सबाई रडल्या."

शेवटी एका रविवारी दुपारी, चपला परत करायचं निमित्त काढून, ती न सांगता आईकडे गेली. दार लोटलेलं होतं. आत तीन खुर्च्यांवर आई, शेजारच्या निवृत्त नर्सबाई आणि वरच्या मजल्यावरच्या काकू टीव्हीकडे तोंड करून बसलेल्या. चौथा भाग चालू होता, पण चित्र जरासं तिरकं, कडेला कुणाच्या तरी घरातला पडदा हलताना दिसत होता. कुणीतरी आपल्या टीव्हीसमोर फोन धरून उतरवलेलं. संवाद ऐकू येत होते. म्हातारी शाळेच्या लांब व्हरांड्यातून चालली होती आणि तिच्या पायांना आवाज नव्हता. नुसती परक्या घरातल्या पंख्याची घरघर. तेवढ्यात पुरुषी आवाजात कुणीतरी सणसणीत शिंकलं.

"शिंकला," नर्सबाई समाधानाने म्हणाल्या.

काकूंनी वळून पाहिलं, पायगुणला जवळ बसायची खूण केली आणि तिचा गोंधळ होऊ नये म्हणून समजावलं, "चौथ्या भागात त्याला सर्दी झालीय. पाचव्यात बरा होतो."

पायगुण उभीच राहिली. "आई, हे कुठून आणलं?"

"रेडिओवाल्याने पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं." रेडिओवाला आता फोनच दुरुस्त करायचा, पण नाव जुनंच राहिलं होतं.

"आणि मी पैसे भरले होते ते?"

आईने चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. "ते चालेना गं."

"मग मला सांगायचं नाही का?"

नर्सबाईंनी घसा साफ केला. "मी सांगते. दुसऱ्याच आठवड्यात टीव्हीवर अक्षरं आली. हा टीव्ही खातेदाराच्या घरातला नाही, म्हणे. तुम्ही एका घरात राहत नसाल तर वेगळं खातं उघडा. हिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं."

"म्हटलं, खोटं कुठे आहे?" आई चष्म्याकडे बघत म्हणाली. "तू तिकडे, मी इकडे. आता टीव्ही म्हणतो आपण एका घरातल्या नाही, हे का फोन करून सांगायचं तुला?"

पायगुण बसली. चूक तिचीच होती. पत्ता तिने आपल्या शहरातल्या घराचा दिला होता, आईच्या घराचा विचारही मनात आला नव्हता. पण राग कुठेतरी काढायचा होताच. "म्हणून चोरीची बघायची? रेडिओवाला चोरतो, आई."

"मी फुकट नाही घेतलं. पैसे मोजले त्याला."

"ते त्याच्या खिशात गेले. आमच्यापर्यंत नाही आले."

"तुम्ही राहता कुठे, ते तरी कुणाला ठाऊक आहे?" आईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तो घरी आला. लावून दिलं, आवाज वाढवून दिला, जाताना गळका नळ आवळून गेला. तुझी कंपनी मला काय विचारते? जन्मतारीख. आणि तो फोनवर येणारा नंबर. मी चष्मा शोधेपर्यंत त्याची मुदत संपते."

"माझ्याही तीन नंबरांची संपली," काकू म्हणाल्या.

पायगुणला आठवलं, शिकाऊ असताना एका दुकानदाराकडून ती सिनेमांच्या नकली सीडी आणायची. त्याच त्याच प्रसंगावर ती मागे नेऊन पुन्हा ऐकायची, कुठल्या पायावर किती भार आहे ते. तिची सगळी विद्या त्या नकलांवर उभी होती. त्या पावलांचा धनी कोण, त्याच्या घरी कोण वाट बघतं, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. दुकानदार ओळखीचा होता, 'ये' म्हणायचा, एवढं पुरे होतं. माणूस सगळ्याच चोऱ्या भुकेपोटी करत नाही. एका दारावर नाव-गाव विचारतात, दुसऱ्या दारात कुणी हसून आत घेतं, आणि पाय आपसूक तिकडे वळतात. तिकडून हातात येताना वाटेत काय सांडतं, ते मात्र कळत नाही. ते सांडलेलं आज तिच्यासमोर पडद्यावर मुकं चाललं होतं.

तिने पिशवीतून चपला काढल्या, पायात घातल्या आणि खुर्च्यांच्या मागे फरशीवर जाऊन उभी राहिली.

"नर्सबाई, जरा मागे घ्या. व्हरांड्यापासून. आणि आवाज बंद करा."

म्हातारी पुन्हा व्हरांड्यात आली. मागून फरशीवर पाऊल पडलं. टप्... घस्स. टप्... घस्स.

"आज चांगलं ऐकू येतंय हो," काकू म्हणाल्या. आईने हात वर करून त्यांना थांबवलं. मागे वळून मात्र पाहिलं नाही. म्हातारी व्हरांड्याच्या टोकाला, उतरायच्या पायरीपाशी पोचली, आणि पावलं क्षणभर थांबली. डाव्या पायावर भार घेतल्याशिवाय तो उजवा पाय खाली उतरायचाच नाही.

"मी अशीच थांबते," आई हळूच म्हणाली. "अगं, ही मीच का?"

"तूच."

आई डोळे टिपत म्हणाली, "वर्षभर चपला शोधतेय मी. या काकूंवर संशय होता माझा."

"माझ्यावर?" काकू खुर्चीतच वळल्या.

"तुमचा पाय तेवढाच आहे ना."

नर्सबाईंना हसू आवरेना. हसणं ओसरल्यावर आईने विचारलं, "म्हातारीचं पुढे काय होतं? अजून येणार आहेत ना भाग?"

"बघणारे मोजून ठरवतील. तुम्ही तिघी त्या मोजणीत नाही."

"आणि तो सर्दीवाला?" काकूंनी विचारलं.

"तोच एक आहे. त्याने पैसे भरून उतरवलंय."

आईने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग माझ्या नावाने खातं काढ. पत्ता या घराचा घाल. जन्मतारीख खरी घाल, मला लपवायचं काही नाही. आणि तो नंबर तू वाच."

नंबर आला. पायगुणने वाचला, आईने एकेक आकडा स्वतः दाबला, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं. पहिला भाग सुरू झाला. शाळेचं फाटक उघडलं, वाऱ्यात पानं सळसळली, आणि त्या पानांवरून कुणी पाय ओढत आलं. आईने पडद्याकडे पाहणं सोडून डोळे मिटले होते.

"यात तो शिंकत नाही हो," नर्सबाई जराशा हळहळत म्हणाल्या.

"श्श," आई डोळे न उघडता म्हणाली. "मी चालतेय."