कुसाबाईचा हात

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत ज्ञानेशसरांचा इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचा छोटा कारखाना होता आणि तिथे एक पद्धत पडून गेली होती. लाईट गेली की काटे तपासायचे. लोडशेडिंगचे दिवस ते. लाईट गेली की सोल्डरिंग बंद, पंखे बंद, माणसं रिकामी. काटे मात्र बॅटरीवर चालत. मग तिथली इंजिनिअर मंजुषा प्लेटवर ठरलेलं वजन ठेवायची आणि शेवटचा आकडा हलतो का ते टक लावून बघायची. तिचा आकडा कधी हलला नाही. नव्या काट्यातली चिप तिनेच निवडलेली, चिपचा प्रोग्रामही तिनेच लिहिलेला, त्यामुळे मॅडम जरा तोऱ्यातच असत.

द्राक्षांच्या हंगामात निफाडजवळ द्राक्षं डब्यांत भरणाऱ्या एका पॅकहाऊसमधून फोन आला, तिथे हाच नवा काटा दिला होता. तक्रार काट्याची नव्हतीच. मुकादम सावळीराम म्हणाला, काटा झकास आहे, वजन करणारी बाई लबाड आहे. तिची लबाडी पकडायची काही सोय काट्यात बसवून मिळेल का? मंजुषाला हसू आलं. तरी लॅपटॉप घेऊन ती गेली.

तिथे काट्यापुढे कुसाबाई उभी होती. डबा प्लेटवर ठेवायचा की लगेच दोन्ही हात पाठीमागे, वर्गात शिक्षा झाल्यासारखे. कमी द्राक्षांत डबा उरकायला बोट टेकवून वजन वाढवतेस, म्हणून डबे पुढे हलके भरतात, असं सावळीरामने तिला सगळ्या बायकांदेखत सुनावलं होतं. हात मागे घेतले तरी आकडे चुकतच राहिले, तेव्हा म्हणे ती पदर टेकवते. शनिवारी तिला काढून टाकणार होते.

"उभा जन्म लोकांची द्राक्षं हाताळली, ताई," ती मंजुषाला म्हणाली. "काम जाऊ द्या. पन चोर म्हनून नका घालवू. गावात ऱ्हायचंय मला."

मंजुषाने स्वतः डबा ठेवला आणि लांब सरकली. आकडा वरखाली नाचत होता. शेजारच्या शीतगृहाचं मशीन सुरू झालं तसा आणखी नाचला. तिने काट्याची पिन उपटली, काटा बॅटरीवर आला, आणि आकडा गपगार. पिन लावली की पुन्हा नाच.

विजेच्या तारांची एक गुणगुण असते, ती काट्यात शिरते. ती गाळायची सोय चिपमध्ये असते, फक्त वीज सेकंदाला किती हेलकावे घेते ते तिला सांगावं लागतं. आपल्याकडे पन्नास. मंजुषाने प्रोग्रामचा तेवढा भाग अमेरिकेतल्या नमुन्यातून जसाच्या तसा उचलला होता आणि त्यात तिकडचे साठ होते. कारखान्यात लाईट असताना काटा कुणी तपासलाच नव्हता. गुणगुणच नाही, तर ती गाळली जाते की नाही हे कळणार कसं? इतके दिवस ज्या शांततेचा अभिमान वाटला, ती आपली नव्हतीच, लोडशेडिंगची होती, हे तिला तिथे उभ्या उभ्या उमगलं आणि फार लाज वाटली.

तिने सरांना फोन लावला. झाला प्रकार सांगितला. सर म्हणाले, दुरुस्त कर आणि ये, कारण सांगत बसू नकोस. ऐन हंगामात नाव गेलं तर सगळे काटे परत येतील. त्यांचंही खोटं नव्हतं. मंजुषाने लॅपटॉप जोडून साठाचे पन्नास केले. शीतगृहाचं मशीन घरघरत राहिलं आणि आकडा जागचा हलला नाही.

"बघा," सावळीराम खूश होऊन बायकांना म्हणाला, "इंजिनिअर बाई समोर उभ्या राहिल्या आणि लबाडी बंद झाली."

कुसाबाईने मान खाली घातली. मंजुषाला ते बघवेना. गप्प बसून गेले तर ही बाई जन्मभर चोर राहील, मग सर काहीही म्हणोत.

"सावळीरामभाऊ, काटाच चुकत होता. चूक माझी आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मावशींचा हात कधीच लागला नव्हता."

बाईमाणसाची कीव आली असेल तुम्हाला, असं सावळीराम पुटपुटला. तेव्हा कुसाबाईने पाठीमागचा हात पुढे आणला आणि रिकाम्या प्लेटवर पंजा दाबला. आकडा सरसर चढला आणि चढून तिथेच राहिला.

"हे बघा, मुकादम. हात ठेवला का काटा असा चढतो. लपत नाय. अन् थरथरत बी नाय माझा हात."

सावळीराम काट्यापासून बाजूला सरकला. कुसाबाईने पुढचा डबा उचलून प्लेटवर ठेवला. या वेळी तिने हात मागे नेले नाहीत.