दार नसलेलं ऑफिस

सुकन्या आमच्या घरची सून झाली त्याला तीन वर्षं झाली, पण घरात राहायला आली ती यंदा दिवाळीनंतर. तोवर माझा लेक सुदर्शन इकडं मुखेडच्या शाळेत मास्तर आणि ती तिकडं पुण्यात नोकरीला. सणावाराला भेट, बाकी सगळा संसार फोनवर. रोग्याला कुठलं औषध कधी दिलं, ते कॉम्प्युटरवर कसं चढवायचं, हे ती दवाखान्यांतल्या नर्सबायांना शिकवते. शिकवणं सगळं ऑनलाइन. मग ते पुण्यातच बसून कशाला, असं तिनं धीर करून कंपनीला विचारलं. तिथल्या प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, महिनाभर बघू. जमलं तर गावाकडूनच करा, नाही तर परत या.

त्या महिन्यावर दोघांचं एकत्र राहणं अवलंबून होतं.

रिकामी खोली आमच्याकडं एकच, सोयाबीनचं बियाणं ठेवायची. वर पत्रा. सुकन्यानं आत उभं राहून टाळी वाजवली, तर ती किती तरी वेळ घुमत राहिली.

"आत्या, इथून बोलले तर डब्यात बसून बोलल्यासारखं वाटंल," ती मला म्हणाली. सासू असले तरी मला ती आत्याच म्हणते.

"कीर्तनाच्या मंडपात आवाज घुमला की माइकवाला मागं सतरंज्या टांगतो बघ," मी सहज बोलून गेले. झालं! माझ्या पेटीतल्या सगळ्या गोधड्या तासाभरात भिंतीला लागल्या आणि पत्र्याखाली पोत्यांचं छत आलं.

माझं शिलाई मशीन कधीचं बंद पडलं होतं. त्याचं वरचं यंत्र काढून तिनं फळी ठोकून घेतली आणि टेबल केलं. खालचं पायडल तसंच ठेवलं, पाय टेकायला. खुर्ची लातूरहून आणली, क्लासेसच्या गल्लीतून, जुनी पण फिरती. एसटीत कंडक्टर म्हणे, "ताई, हिला बसवणार असाल तर हिचंबी तिकीट लागंल." टेबल आधी खिडकीसमोर ठेवलं, तर डोळ्यांना पाणी यायला लागलं. मग उजेड डाव्या अंगानं येईल असं फिरवलं. परत फिरवलं.

आमचे मालक ओसरीवर बसून बघत होते. "देवघर मांडायलाबी एवढा येळ लागला न्हवता," म्हणाले.

"देव काय खुर्चीवर आठ तास बसत न्हाई, मामा," ती आतून बोलली.

दाराला आतून कडी लावून कामाला सुरुवात झाली. आठवडा बरा गेला. एक दिवस दुपारी मी देवळात होते, हरिनाम सप्ताहाचे गहू निवडायला. शेजारची गुणाबाई आमच्याकडं विरजण मागायला आली. गुणाबाई मनानं लोण्यासारखी, पण तिचं तोंड म्हणजे चालू नळ. बघते तर काय, भर दुपारी सून दाराला कडी लावून आत! आमच्याकडं दिवसा घराची दारं कुणी लावत नाही. दार लागलं म्हणजे भांडण, न्हाई तर रुसवा. गुणाबाईनं हाक मारली. सुकन्याच्या कानावर हेडफोन, तिला काय ऐकू येणार? गुणाबाईनं दार बडवलं. मग जी पळाली ती गल्लीतल्या चार बाया आणि शेतातून नुकतेच आलेले मालक, सगळ्यांना घेऊनच आली.

"सुकन्याबाई, दार उघड! सासू काय बोलली आसंल तर आम्ही तिला बघतो! जिवाचं काई करू नको बाई!"

मालकांनी खांद्यानं धक्का दिला. कडी निघून पडली आणि सगळे आत. तिकडं पडद्यावर नर्सबाया तोंडावर हात धरून बघत होत्या.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. पुढच्या शुक्रवारी एका मोठ्या दवाखान्याचं शिकवणं आहे, मी स्वतः बसणार आहे, त्यात असं काही झालं तर एक तारखेला पुण्यात हजर व्हा.

मला वाटलं, पोरगी रडेल. तिनं चहा गाळला, सगळ्यांना दिला आणि म्हणाली, "मी जाणार न्हाई. शुक्रवारपर्यंत काहीतरी काढते."

सुदर्शन म्हणाला, दारावर पाटी लावू. मालक म्हणाले, "गुणाबाई पाटी वाचत उभी राहणारी हाय का? त्यापेक्षा बाहेरून कुलूप लावू."

"म्हणजे सून कोंडली म्हणून ती पोलीसच आणंल," मी म्हणाले.

सोमवारी सप्ताह बसला. संध्याकाळी सुकन्या मला बोलवायला मंडपात आली. त्या वेळी वीणेचा पहारा गुणाबाईकडं होता. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात असेल त्यानं नामाशिवाय बोलायचं नाही.

"मावशी, आत्या कुठायत?" सुकन्यानं विचारलं. गुणाबाईनं डोळ्यांनी माझ्याकडं दाखवलं. ओठांवर नाम चाललेलं. बाजूनं तिची स्वतःची लेक "आई, किल्ली दे की" म्हणत होती. गुणाबाईनं कमरेची किल्ली काढून दिली, पण शब्द नाही. आल्या-गेल्यानं हात जोडावेत आणि गुमान बसावं.

सुकन्या मंडपात खांबाला टेकून तिच्याकडंच बघत राहिली. मी दोनदा चल म्हणाले तरी हलेना.

"आत्या," वाटेनं ती म्हणाली, "मंडपाला दार कुठंय? चारी बाजूंनी उघडा, तरी कुणी तिला बोलत न्हाई."

"वीणा दिसते ना गळ्यात."

"तेच तर. मी दार लावून घेतलं, म्हणून कुणाला काई दिसलंच न्हाई."

सकाळी उठून तिनं सुदर्शनला दाराची फळीच उतरवायला लावली. मग खुर्ची अशी वळवली की ओसरीवरूनच डोक्यावरचा हेडफोन दिसावा. आणि हेडफोन हातात घेऊन तडक गुणाबाईच्या घरी गेली. मीही मागोमाग गेले.

"मावशी, हे माझ्या डोक्यावर असलं की समजा माझ्या गळ्यात वीणा हाय. उतरवलं की मी तुमचीच."

गुणाबाईनं कमरेवर हात ठेवले. "बरी हायस गं! ते देवाचं काम. तू तर पगार घेऊन काम करून राहिलीस."

सुकन्यानं मान डोलावली. "खरंय मावशी, पगार घेते. पण मी सांगताना कुणी मधी बोललं आन् नर्सबाईच्या ध्यानातून एक गोष्ट सुटली, तर खाटेवरच्या माणसाला चुकीची गोळी जाती. त्या माणसाला कुठं ठाऊक असतं मी कोण?"

गुणाबाईनं कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाली, "जा. बघते मी."

शुक्रवारी सुकन्या बोलायला लागली आणि मी ओसरीवर माळ घेऊन बसले. हात माळेवर, कान खोलीकडं. घटकाभरानं गुणाबाई पळतच अंगणात शिरली. हातात चिकाचं भांडं, तोंड उघडलेलं, चेहऱ्यावर सांगण्यासारखं काहीतरी मावेना. दारापाशी येऊन तिला हेडफोन दिसला. पाऊल उचललेलंच राहिलं. तिनं तोंड मिटलं, हात जोडले आणि आत भिंतीला टेकून बसली.

तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा वाजायला लागला. आवाज जवळ येत होता. सुकन्याचं पायडलवरचं पाऊल थांबलं. मी उठेपर्यंत गुणाबाई बाहेर. गाड्यापुढं जाऊन तिनं दोन्ही हात आडवे धरले.

"काय द्यायचंय मावशी?"

गुणाबाई बोलेना. भोंग्याकडं बोट दाखवून हात जोडले. त्याला काही कळेना. शेवटी तिनं आमच्या अंगणातला पिचका डबा त्याच्या गाड्यात टाकला, भोंगा स्वतः बटण दाबून बंद केला आणि भंगारवाल्याला परत वळवून लावलं. परत येऊन पहिल्या जागी बसली. एवढं सगळं होईपर्यंत तिच्या तोंडून हूं का चूं नाही.

शिकवणं संपलं. नर्सबायांनी नमस्कार केले, पडद्यावर मॅडम एकट्या राहिल्या.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "मागे त्या बाई कोण बसल्यात?"

"आमचा पहारा आहे, मॅडम."

मॅडमना कळलं नसावं, पण हसल्या. "असू दे. पुढच्या महिन्याची सेशन्स तिथूनच घ्या."

सुकन्यानं लॅपटॉप मिटला. हेडफोन काढून खिळ्याला अडकवला आणि क्षणभर डोळे पुसले.

"उतरवलं?" गुणाबाईनं हळूच विचारलं. "बोलू आता?"

"बोला मावशी."

"आमची देवणी गाय व्याली! कालवड झाली!" गुणाबाईचा आवाज असा सुटला की गोधड्यांनाही आवरेना. "आगं, पहाटंपासून गाय बसेना की उठंना, मी म्हणलं आता हिचं काई खरं न्हाई, तर शेजारचा..."

मी चीक घेऊन खरवस करायला आत गेले. खरवस उकडून, थंड होऊन, वड्या पाडून झाल्या, तरी गुणाबाईच्या गोष्टीतली गाय अजून व्यालीच नव्हती.