अंगणवाडीमागची ओली सावली

परंदवडीच्या अंगणवाडीमागचा डोंगर मार्चमधल्या एका दुपारी पेटला, तेव्हा प्रेरणाची चार वर्षांची लेक समीक्षा आत खिचडी खात होती. मुलं सुखरूप बाहेर आली. पण प्रेरणाचं मन काही थाऱ्यावर येईना. तिने अर्ज लिहिला, 'अंगणवाडीमागची सर्व झाडं तोडावीत,' आणि ग्रामसभेआधी दारोदार सह्या घेत फिरली.

अंगणवाडीच्या मदतनीस, ठाकरवाडीतल्या गंगीमावशींनी मात्र अंगठा द्यायला साफ नकार दिला.

"मावशी, तुम्हीच मुलं बाहेर काढलीत ना?"

"व्हय, म्हणून तर न्हाई म्हणते. तुमी लय शिकल्याल्या, पर जळाल्यालं बघितलं का जाऊन? चला."

मागे चढावर निलगिरीची झाडं करपून उभी होती. त्यांच्याखालचा सुक्या पानांचा, सालींचा थर जळून राख झाला होता. खाली ओढ्याकडेला उंबर, करंज, जांभळांची जुनी दाट ओळ. वरच्या बाजूची पानं होरपळलेली, अलीकडची हिरवीगार! राख त्यांच्या सावलीपाशी येऊन थांबली होती. तिथून अंगणवाडीची भिंत जेमतेम पंधरा पावलं.

प्रेरणाच्या अंगावर काटा आला. हीच झाडं ती तोडायला निघाली होती!

"हितं गवत वाढत न्हाई, ओल ऱ्हाती. आगीला खायाला कायच गावत न्हाई," मावशी म्हणाल्या. "पर समदा भार झाडांवर टाकू नगा. दिवाळीनंतर गवत कापाया पायजे, पाला उचलाया पायजे. आग लय मोठी आली तर ही बी जळतील."

"पण आग लावली कुणी?"

मावशींनी निलगिरीच्या वरच्या, जळून काळ्या पडलेल्या बांधाकडे बोट केलं. "तुमच्या सासऱ्यास्नी इचारा."

घरी सासरे मारुतीआबा आधी उसळलेच. "गवत पेटवलं की नवं जोमानं येतं! आमचा बा बी पेटवायचा. वारं खाली फिरलं, त्याला मी काय करू?"

"आबा, आत समीक्षा होती."

आबा उठून अंगणात गेले.

"गावात बोलू नगंस हां," सासूबाई नंदाबाई हळूच म्हणाल्या. "आपलीच अब्रू जाईल."

ग्रामसभेत प्रेरणाने अर्ज मागे घेतला. ओढ्याकाठच्या झाडांनीच मुलं वाचवली, असं तिने सांगताच कुणीतरी टोमणा मारला, "मग आग काय आभाळातनं पडली व्हय?"

सगळे हसले. एवढ्यात मागून आबा उठले.

"म्या लावली. माज्याच नातीच्या अंगावर म्या आग घातली!"

हसणाऱ्यांनी माना खाली घातल्या. तिथे बांध पेटवणारे आबा एकटे थोडेच होते?

त्या दिवशी ठरलं : यापुढे गवत कापायचं, पेटवायचं नाही. जळक्या निलगिरीच्या जागी करंज, उंबर, जांभळाची झाडं लावायची आणि पहिले काही उन्हाळे घरटी पाळी लावून पाणी घालायचं. पहिली पाळी आबांनी मागून घेतली.

बंधुभगिनींनो, डोंगर आपोआप क्वचितच पेटतो. बहुतेकदा काडी आपल्यातल्याच कुणाच्या तरी हातातली असते. ती खाली ठेवा. इथल्या मातीतली झाडं वाढायला वर्षं लागतात, तोडायला एक सकाळ पुरते. तुमच्या लेकरांच्या शाळेमागे कोणती झाडं उभी आहेत, ते आग लागण्याआधी एकदा जाऊन बघा!