तुळशीतले सेल

"देवापुढचं काही कचऱ्यात जाऊ द्यायचं नाही, रमा. तुळशीच्या बुंध्याशी घालायचं. तिथं कुणाच्या पायाखाली येत नाही."

सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, पण रमाबाईंनी त्यांचा शब्द कधी मोडला नाही. फुलं, दूर्वा, जळक्या वाती, सगळं गॅलरीतल्या कुंडीत जायचं. पुढे फ्लॅटमध्ये आग नको म्हणून मुलाने, शार्दूलने, सेलवर चालणारा नंदादीप आणला, तेव्हा संपलेले सेलही त्यांनी तिथंच पुरले. देवाचेच ना ते!

एका सकाळी सून पूर्वा कुंडीची माती बदलायला बसली. खुरप्याला काहीतरी लागलं.

"आई, ये क्या है? सेल?"

"निर्माल्य आहे गं ते."

पूर्वा आधी खळखळून हसली. मग फुगलेले, फुटलेले, गंजून पांढरे पडलेले सेल निघतच राहिले आणि तिचं हसू विरलं. हात आपसूक पोटावर गेला. पोटुशी होती ती, आणि रोज रमाबाईंच्या हातून याच तुळशीचं तीर्थ घेत होती.

"डॉक्टर म्हणाल्या, नक्की काही सांगता येत नाही," संध्याकाळी ती म्हणाली. ती रागावली नाही, तेच रमाबाईंना जड गेलं. "एकच करा, आई. हे आता दुसऱ्या कुणाच्या मातीत जायला नकोत."

"नाही जाणार," रमाबाई म्हणाल्या. देवापुढे सुपारी ठेवली आणि ते होईतो भात सोडला.

कचऱ्याच्या गाडीला अशा वस्तूंचा वेगळा डबा होता. गाडीवाल्याने तो त्यांच्यादेखत सुक्या कचऱ्यात उपडा केला. "लाओ माताजी, जाना तो सब एक ही जगह है." त्यांनी सेलांची बरणी छातीशी धरली नि परत फिरल्या.

सियागंज बाजारातल्या सेल विकणाऱ्या दुकानदाराने हात जोडले. "भाभीजी, नियम तो है, कंपनी को वापस लेना है. पर कोई लेने आए तब ना!" त्याच्या जुन्या सेलांच्या डब्यात गुटख्याच्या रिकाम्या पुड्या होत्या. भंगारवाला तर हसलाच. "इन्व्हर्टर की बैटरी हो तो अभी उठा लूँ. इसमें क्या निकलेगा, अम्मा?"

"आई, गावभर लोक रोज सेल फेकतात," शार्दूल ताटावर वैतागला. "तुझ्या एका बरणीने काय होणार आहे? भात घे बरं."

"काही होणार नाही, माहीत आहे रे," त्या म्हणाल्या आणि पोळी मोडली.

तुकोगंजात एका ऑफिसात सेल घेतात, असं शेजारच्या सुलोचनाबाईंनी ऐकलं होतं. आता ते बंद झालंय, असंही त्यांनीच ऐकलं होतं.

दुसऱ्या सकाळी पूजा आटोपली. तीर्थाची पळी आता नुसती घासून पालथी ठेवायची. पूर्वा कुशीवर निजली होती; रमाबाईंनी तिच्या पायांवर चादर ओढली. बरणी देवळात न्यायच्या पिशवीत ठेवली, दार आवाज न करता लावून घेतलं आणि तुकोगंजच्या वाटेला लागल्या.